बकासुराचा गाडा

मे महिन्याची दुपार आहे. एरंडोल सोडून पद्मालयाच्या रस्त्याला लागलात की कपाशीची काळी, रिकामी रानं मागे पडतात आणि मुरमाड टेकड्या सुरू होतात. तळ्यातली कमळं बघून, डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींना हात जोडून तुम्ही भीमकुंडाची वाट धरता. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि भीमाने बकासुराला मारलं ते याच रानात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रोज गाडाभर अन्न, गाड्याचे दोन रेडे आणि एक माणूस, एवढा त्या बकासुराचा आहार. पायाखाली सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडतात. वाटेत सलई दिसली तर खोडावरून हात फिरवा. पातळ कागदासारखी साल बोटांना चिकटते. आता डोळे मिटा.

उघडाल तेव्हा 1825 साल आहे. पायवाट नाहीशी झालीय. मघाशी कपाशीची रानं होती तिथेही झाडोरा माजलाय. होळकरांच्या धुमाळीत आणि पाठोपाठ आलेल्या 1803-04 च्या दुष्काळात खानदेशातली गावंच्या गावं उठली. नांगर थांबला आणि जंगल शिवारात उतरलं. धुळ्याच्या वेशीपर्यंत वाघ फिरत असत, अशी नोंद पुढे इंग्रजांच्या गॅझेटियरात होणार आहे. दिवस कलायच्या आत गुरं गोठ्यात जातात, आणि तुम्हीही नकळत पाय उचलता. जवळच धरणगावात जेम्स औट्रम नावाचा तरुण इंग्रज अधिकारी भिल्लांची पलटण उभारतोय. डोंगरातला माणूस हाती आल्याशिवाय डोंगर हाती येत नाही, हे कंपनी सरकारने ओळखलंय.

चाळीस वर्षं पुढे या. म्हसावदला आगगाडीचे रूळ पोचलेत. रुळांशेजारी स्लीपरांची चळत रचलेली आहे. जवळ जा, एकावर हात ठेवा. ताज्या तासलेल्या सागाचा तेलकट, किंचित कडू वास येतो. कापलेल्या टोकावर वर्षांची वर्तुळं आहेत. मोजायला लागा. तीस, चाळीस, पन्नास, मग बोट चुकतं. मैलभर रुळाला असे 1,760 ते 2,000 स्लीपर लागतात, आणि काही वर्षांत ते कुजले की पुन्हा तेवढेच. इंजिनाच्या भट्टीतही लाकूड जातं. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलीय, तिथला कापूस अडकलाय, म्हणून इकडे खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आहे आणि गायरानं, पडीक रानं भराभर नांगराखाली जातायत.

लाकडांनी भरलेला एक गाडा तुमच्याजवळ थांबतो. बैलांच्या तोंडाला फेस आहे. ‘कथा जाई राह्यना भो?’ कुठे निघालात, असं गाडीवान विचारतो. काय सांगणार त्याला? त्याच्या मागे आणखी गाडे आहेत, त्यांच्या मागे आणखी. त्याच्या कुऱ्हाडीचा दांडासुद्धा याच रानातला आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण तुम्हाला आठवते, पण या माणसाला दोष देववत नाही. गाडा ज्याच्याकडे चाललाय त्याचं पोट भरणारं नाही. एकचक्रानगरीचा बकासूर निदान दिवसाला एकाच गाड्यावर भागवत होता.

1878. आता एरंडोल गावात या. इथले कारागीर जाडाभरडा देशी कागद करतात. त्यासाठी हे गाव नावाजलेलं आहे. चिंध्या आणि जुनी पोती कुजवायची, कुटायची, लगदा चाळणीवर उचलायचा आणि ताव वाळवायचे. या कागदासाठी झाड पडलेलं नाही. पण दूर सरकारी छापखान्यात दुसरा एक कागद छापून तयार झालाय. नव्या वनकायद्याने जंगलं वाटून टाकली. काही राखीव, काही संरक्षित, काही गावाची. गावाच्या नावची जंगलं बहुतेक ठिकाणी झालीच नाहीत. काल जी मोळी घरची होती ती आज चोरी झाली. जंगल वाचवायला कायदा हवाच होता, रेल्वेने केलेली लूट बघता तो उशिरा आला. पण ज्यांनी लुटलं ते सुटले आणि शेळ्या चारणारी म्हातारी गुन्हेगार ठरली, हे मला आजही पटत नाही. ही चीड 1930 च्या जंगल सत्याग्रहात महाराष्ट्रभर बाहेर पडली. कोकणात चिरनेरला त्यासाठी लोकांनी गोळ्या झेलल्या.

पुढची साठ वर्षं भरकन जाऊ द्या. 1969 मध्ये सातपुड्यात यावल अभयारण्य जाहीर झालं. अंजन आणि सागाचं ते रान पाटी लागूनही तुटत राहिलं. वनरक्षक थोडे, डोंगर अफाट, आणि गावाला ते जंगल आपलं वाटेनासं झालेलं.

आता थांबा. नव्वदचं दशक सुरू झालंय आणि तुम्ही धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला आहात. डोंगर भुंडा आहे. बायका हंडे घेऊन लांब चालतात. इथल्याच चैत्राम पवार नावाच्या शिकलेल्या तरुणाने नोकरीची वाट न धरता गावाला एकत्र बसवलंय. कुऱ्हाडबंदी ठरते, चराईबंदी ठरते, मोडेल त्याला दंड, मग तो सख्खा भाऊ का असेना. लोक श्रमदानाने दगडी बांध घालतात, चर खोदतात. गस्तही गावच घालतं.

एका सागाच्या बुंध्यापाशी बसा. वरचं खोड कधीच गेलंय, पण मुळं जिवंत आहेत. कडेने पाच-सहा फुटवे आलेत, करंगळीएवढे, वर तळहातापेक्षा मोठं लवदार पान. ते चुरडलं की बोटं लाल होतात. नवीन रोप लावावं लागलं नाही, फक्त शेळीचं तोंड आणि कुऱ्हाडीचं पातं लांब ठेवावं लागलं. अशा फुटव्यांतून आणि ओलाव्यातून त्या गावाने चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभं केलं. विहिरींना पाणी आलं, शेजारच्या गावांनाही मिळालं. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगल राखायचा हक्क कागदावर दिला. बारीपाड्याने तो त्याच्या आधीच बजावायला घेतला होता.

पुन्हा डोळे मिटा आणि उघडा. पद्मालय, मे महिना, आज. जगात 2015 ते 2025 या काळात दर वर्षी सुमारे 1.09 कोटी हेक्टर जंगल तुटलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ताजा अहवाल सांगतो. नव्वदच्या दशकात हाच आकडा 1.76 कोटी होता. म्हणजे वेग कमी करता येतो, केलाही आहे. पण जे उरलंय ते आक्रसलंय. एकेकाळी धुळ्याच्या वेशीवर येणारा वाघ आज मुक्ताईनगरच्या डोलारखेडा भागात केळीच्या बागांत आसरा शोधतो.

आणि आता वास घ्या. धूर आहे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतं, कोणी विडी न विझवता टाकतं. या दिवसांत उपग्रहावरून आगीची सूचना वनखात्याला मिळते, आग पसरू नये म्हणून जाळरेषाही काढलेल्या असतात. तरी वणवा विझतो तो शेवटी हिरव्या फांद्या घेऊन धावणाऱ्या माणसांच्या हातांनी. मोठी झाडं बहुधा तगतात. करंगळीएवढे फुटवे जळून जातात.

पद्मालयाला जाल तेव्हा काडीपेटी खिशातच राहू द्या. धूर दिसला तर फोटो काढत बसू नका. वनखात्याचा मदत क्रमांक 1926 आहे. तो आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.