कोरी राखलेली जागा

चिखलीहून खामगावकडे निघालेला रस्ता घाटावरचा मुलूख सोडून घाटाखाली उतरू लागतो, त्या वाटेवर वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याचे उंद्री हे गाव आहे. आणि जलरंगाचा इतिहास सांगावयास बसलेल्या माणसाने मुंबई-कोल्हापूर अशी नामांकित शहरे मागे ठेवून या गावाच्या शिवारापासून प्रारंभ करावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु जलरंग ज्या द्रव्यांचा बनतो ती एकेक करून पाहिली, तर हे नवल ओसरते. त्याचा उत्तम कागद कापसाच्या चिंध्यांचा. रंगाची पूड कागदाशी बांधून ठेवणारा डिंक बाभळीच्या कुळातील झाडाचा. तांबडा रंग गेरूचा आणि काळा काजळीचा. कापूस वऱ्हाडचे नगदी पीक, बाभूळ बांधाबांधावरची, काजळी चुलीवरची, आणि गेरू सणासुदीला उंबऱ्याशी येणारा. म्हणजे सारा सरंजाम दारात हजर असून उणीव काय ती पाण्याची, आणि तीही ज्येष्ठाच्या अखेरीस विहिरीचा तळ पाहणाऱ्यांना निराळी सांगावयास नको. असे असूनही ही कला येथे आली ती समुद्रापलीकडून आलेल्या साहेबाच्या पेटीतून, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पाण्यात कालवलेले रंग या देशास अपरिचित होते असे मात्र कोणी समजू नये. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर वसले आहे तिच्याच कुशीत अजिंठ्याची लेणी आहेत. वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करण्याचा हातव्यवसाय शतकानुशतके चालत आलेला आहे. आणि पोथ्यांवर, भिंतींवर चित्रे काढणारे आमचे चितारी डिंकात खललेले रंगच वापरीत. भेद होता तो पांढऱ्याच्या ठायी. आमच्या चिताऱ्याला पांढरे हवे असले म्हणजे तो सफेदा घेऊन ते लावी. विलायतेहून आलेल्या पारदर्शक जलरंगात पांढरा असा रंग लावावयाचा नसतो, जेथे उजेड दाखवावयाचा तेथे कागद कोरा राखावयाचा असतो. हातातील कुंचला एका परंपरेत भर घालतो, दुसरीत तो पदोपदी स्वतःला आवरतो. आणि हे आवरणे शिकण्यास मराठी हाताला सुमारे दीडशे वर्षे लागली.

या शिक्षणाचा पहिला धडा पुण्यात गिरविला गेला. १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने, आणि पुढे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सहवासात, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा कारागीर यथादर्शन व छायाप्रकाश यांचे साहेबी तंत्र शिकला. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा त्याने कागदावर उतरविला, वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. आणि शिसपेन्सिलीवर पाण्याच्या पातळ हातांनी सावली चढविताना त्याने जो संयम दाखविला, तो पाहिला म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर घाव मोजून घालणाऱ्या जातिवंत हाताची आठवण होते. १७९५ साली वेल्स निवर्तला, पुढे पेशवाईच बुडाली, आणि तो धडा तेथेच खंडित झाला.

मधल्या काळात जलरंगाने सरकारी चाकरी केली. मोजणी खात्याचे नकाशे, इमारत खात्याचे आराखडे, पूल व धर्मशाळा यांची चित्रे पाण्याच्या पातळ थरांनी रंगविण्याचा रिवाज होता, आणि त्या दफ्तरी शिस्तीत रंग हद्दीबाहेर न जाऊ देणे हाच काय तो गुण मानला जाई. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि या मुलखातही नव्या अंमलाची जमाबंदी सुरू झाली. जवळच अजिंठ्याला त्या वेळी मेजर रॉबर्ट गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकुमाने १८४४ पासून भित्तिचित्रांच्या नकला करीत बसला होता. परंतु त्याने माध्यम निवडले ते तैलरंगाचे, आणि त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम नव्याने मांडले, तेही तैलरंगातच, आणि त्यांतील पुष्कळ चित्रांना १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आगीने गाठले.

जलरंग कलावंताचा झाला तो या जे. जे. स्कूलच्या परिसरात. १८५७ साली स्थापन झालेली ही शाळा आणि १८८८ साली निघालेली बॉम्बे आर्ट सोसायटी यांनी चित्रकाराला दोन गोष्टी दिल्या : शिस्त, आणि आपले नवे काम चारचौघांपुढे भिंतीवर टांगण्याची जागा. जो चितारी पूर्वी यजमानाला चित्र दाखवी, तो आता अनोळखी लोकांना दाखवू लागला, आणि त्यांच्या नजरेच्या धाकाने व लोभाने प्रयोग करू लागला. प्रदर्शनाच्या या दालनातून ज्यांचे नाव दुमदुमले ते महादेव विश्वनाथ धुरंधर. आणि याच शाळेत शिकून ज्यांनी या दालनाकडे पाठ फिरविली ते आबालाल रहिमान. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी एकांतवासात राहून, १९३१ साली देह ठेवीपर्यंत, सकाळचे धुके, तळ्याचे पाणी, ओलसर हिरवळ यांची चित्रे ते काढीत राहिले. कोणी पाहो वा न पाहो, काल साधले नाही ते आज साधते का, एवढ्याच ओढीने केलेली ती साधना होती.

कोरा कागद राखण्याची ही विद्या परमावधीस नेली ती सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढणाऱ्या या चित्रकाराने १९४५-४६च्या सुमारास आपल्या कन्येला हाती समई देऊन उभे केले, आणि ज्योतीवर आडवा धरलेला तळहात, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड, हनुवटीपासून कपाळापर्यंत क्षीण होत जाणारी आभा, हे सर्व जलरंगात रंगविले. तैलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वरून दुसरा थर देता येतो. येथे ज्योतीचा उजेड हा तळचा कागद आहे, तो एकदा मळला की मळला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र पाहणारे कित्येक लोक ते रविवर्म्याचे तैलचित्रच समजत असत.

खेड्यापर्यंत हा रंग पोहोचण्यास दुसरी साधने लागली. १९३१ साली सुरू झालेल्या कॅम्लिन या दांडेकरांच्या मराठी कारखान्याचे रंग पुढे गावोगावच्या दुकानांत आले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली काढलेल्या 'दीपावली' अंकासारख्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी खऱ्या चित्राची गोडी वाचनालयाच्या बाकापर्यंत आणली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा रस्ताही त्याच राज्याच्या चित्रशाळांशी जोडला गेला. परीक्षेच्या दिवशी स्थिरवस्तूंतील तांब्यावरचा चमकता ठिपका कोरा सोडताना ज्या मुलाचा श्वास क्षणभर थांबला, तो नकळत हळदणकरांच्या शाळेत बसून आला.

मी उंद्रीच्या शिवारात चित्र काढावयास बसलो होतो तो चैत्राच्या उत्तरार्धात, सकाळी आठाच्या आत. या हवेत पाण्याचा हात कागदावर फिरवीपर्यंत त्याची कड वाळते आणि आभाळात दोरीसारखी रेघ उमटते; म्हणून ओली चिंधी पाटावर अंथरून तिच्यावर कागद ठेवला होता, आणि रात्री भिजवून फडक्यातून गाळलेल्या बाभळीच्या डिंकात गेरू खलून, त्यात दोन थेंब मध घालून, घरचाच तांबडा रंग करून पाहिला होता. विलायतेच्या विन्सर अँड न्यूटन या पेढीने १८३५च्या सुमारास ओलसर राहणारे रंग केले ते ग्लिसरीन घालून. आमचा मध तेच काम करीत होता, फक्त त्यावर मुंग्या येत होत्या. काळ्या रानासाठी मात्र दुकानातला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळला. अल्ट्रामरीनची पूड पाण्यात एकजीव न होता दाणेदार राहते. पाणी आटत गेले तशी ती कागदाच्या खळग्यांत कणाकणाने बसली, आणि नांगरलेले रान जसे जवळून ढेकळांचे व लांबून सपाट दिसते, तसे ते दिसू लागले.

मागे दोनतीन शेतकरी येऊन उभे राहिले होते. माझ्या नव्या चित्राचे प्रदर्शन भरले होते ते एवढेच. निंब ओळखला गेला, विहीर ओळखली गेली. मग त्यांतल्या वयस्क गृहस्थाने निंबाच्या सावलीपलीकडे मी मोकळ्या सोडलेल्या पट्ट्याकडे बोट केले.

"गुरुजी, एवढी जागा कोरी काऊन सोडली जी?"

तेथे ऊन आहे, मी म्हणालो. रंग लावला तर ऊन जाईल.

त्यांनी समोरच्या रानाकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले.

"म्हंजे पडीत ठेवली म्हणा की."

पुण्याच्या तांबटापासून कोटितीर्थाच्या काठापर्यंत ज्या एका गुणासाठी माणसांनी आयुष्ये वेचली, त्याला इतका चपखल शब्द मला कोणत्याही चित्रशाळेत मिळाला नव्हता. पड जमीन म्हणजे टाकलेली जमीन नव्हे. ती कसणाऱ्याने पुढच्या सालासाठी हात आवरून राखलेली असते, आणि तिचीही नोंद पाहणीपत्रकात होते. मी कुंचला धुतला. पेल्यातले पाणी गेरूने लाल झाले होते. ते फेकू लागलो, तेव्हा त्याच गृहस्थांनी पेला माझ्या हातून घेतला आणि निंबाच्या बुंध्याशी ओतला.