खुणेविना

1884चा उन्हाळा, ओहायोतलं टोलेडो. 25 सेंट मोजून तुम्ही लाकडी बाकावर जागा धरली आहे. ऊन मी म्हणतंय. समोर ब्लू स्टॉकिंग्जचा बेसबॉल संघ. पंच एकटाच. चेंडू मार खाऊन मळलेला, तरी त्याच्यावरच खेळ चालू आहे. पिचरसाठी मातीचा उंचवटा नाही. 50 फुटांवर आखलेल्या चौकटीतून तो फेकतो.

सगळे त्या पिचरकडे, टोनी मुलेनकडे पाहताहेत. या मोसमात तो 36 सामने जिंकून देणार आहे. तुम्ही मात्र बॅटरच्या मागे पाहा. तिथे मोझेस फ्लीटवूड वॉकर आहे, ओबर्लिन आणि मिशिगनमध्ये शिकलेला कृष्णवर्णीय कॅचर. आपल्या विकेटकीपरचंच काम, पण जाड ग्लोव्हजशिवाय. कधी कोकराच्या कातड्याचे पातळ हातमोजे, बहुतेकदा उघडे हात. पुढे वाकून बघा त्या बोटांकडे: सुजलेली, भेगाळलेली.

वॉकर वळणाऱ्या चेंडूची खूण करतो. मुलेन सरळ, वेगवान चेंडू त्याच्यावर सोडतो. वॉकर तो कसाबसा धरतो आणि तडक मुलेनपाशी जातो. बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही. पण पुढे 1919मध्ये मुलेन स्वतःच ते सांगणार आहे: खुणांविना झेलीन, पण खूण केल्यावर दगा देणार असशील तर नाही, असं वॉकरनं त्याला बजावलं होतं. मुलेन हेही कबूल करणार आहे, की इतका उत्तम कॅचर त्याला दुसरा मिळाला नाही आणि खुणा धुडकावण्याचं कारण वॉकरचा वर्ण, एवढंच होतं.

तेव्हापासून वॉकर खुणा करत नाही. कुठला चेंडू येतोय हे बॅटरला ठाऊक नाही, तसंच त्यालाही नाही. एखादा हातून निसटतो आणि मागच्या कुंपणाकडे घरंगळतो. स्कोअरर तो वॉकरच्या नावावर मांडतो. पिचरनं खूणच पाहिली नाही, हे लिहायला त्या वहीत रकाना नाही. मला हा हिशेब शिव्याशापांहून क्रूर वाटतो. उद्या कुणी आकडे चाळून वॉकरला कच्चा ठरवेल, तेव्हा तुम्ही आज काय पाहिलंत ते त्याला सांगा.

जुलैत त्याची बरगडी मोडेल. मोसम संपेपर्यंत त्याच्या खात्यावर 42 सामने असतील, फलंदाजीची सरासरी .263. तीन वर्षांनी, 14 जुलै 1887 रोजी, शिकागोचा कॅप अ‍ॅन्सन नुअर्कच्या कृष्णवर्णीय पिचरविरुद्ध खेळायला नकार देईल. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगचे मालक यापुढे कृष्णवर्णीयांशी करार न करण्याचा ठराव मंजूर करतील. मोठ्या लीगची दारं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी उघडायला 1947 उजाडेल. वॉकर तर 1924मध्येच गेलेला असेल.