चेल्सीचा जिना

साल १९६८. मॅनहॅटनच्या तेविसाव्या रस्त्यावर, लाल विटांच्या बारा मजली इमारतीसमोर तुम्ही उभे आहात. ओतीव लोखंडाचे सज्जे, उभी निऑन पाटी : हॉटेल चेल्सी. आत शिरा. लॉबीच्या भिंती भाडेकरूंच्या चित्रांनी भरल्या आहेत. व्यवस्थापक स्टॅन्ली बार्ड भाड्यासाठी तगादा लावतो, पण कलावंताला सहसा बाहेर काढत नाही.

उत्तररात्र आहे. लिफ्टपाशी गीतकार-गायक लेनर्ड कोहेन आणि गायिका जॅनिस जॉप्लिन भेटतात. या भेटीवरचं गाणं १९७४ मध्ये कोहेनच्या अल्बममध्ये येईल. गाण्यातली बाई कोण, हे तो मैफलींत सांगेल आणि पुढे त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही करेल. त्यांना लिफ्ट घेऊ द्या, तुम्ही जिना धरा. पहिल्या मजल्यावर मात्र रेंगाळू नका. १९७८ च्या ऑक्टोबरात इथल्या एका खोलीत एका पंक वादकाची मैत्रीण, वीस वर्षांची नॅन्सी स्पंजन मरण पावेल, आणि तिचा मृत्यू बघ्यांचं आकर्षण बनेल. मला ते सहन होत नाही.

वर चढताना कान द्या. बंद दारांआड माणसं गात असतील, वाजवत असतील. तुम्हाला मात्र फारसं काही ऐकू येत नाही. १८८० च्या दशकात सहकारी निवास म्हणून बांधलेल्या या इमारतीच्या भिंती भक्कम जाड आहेत. १९०५ मध्ये ती हॉटेल झाली. चेल्सीच्या संगीताचं निम्मं श्रेय मी या भिंतींना देईन. मोठ्या शहरात मध्यरात्री पियानो वाजवायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

नववा मजला येईपर्यंत साल १९८१ झालेलं असतं. दार उघडणारा वृद्ध व्हर्जिल थॉमसन आहे. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचा समीक्षक म्हणून त्याने चौदा वर्षं भल्याभल्यांची झोप उडवली होती. तो स्वतः रचनाकार, आणि १९४० पासून चेल्सीत राहतो. तो तुम्हाला समोर बसवतो. चित्रकार बसवतो तसंच, फक्त इथे तुमचं चित्र सुरांत उतरणार आहे. १९२८ पासून त्याने अशी शंभराहून जास्त व्यक्तिचित्रं रचली आहेत. बोलायचं नाही, पुस्तक वाचलंत तरी चालेल. पियानोला तो हात लावत नाही. कागदावर पेन्सिल चालत राहते. तुम्ही जसे बसलात, श्वास घेतलात, अस्वस्थ झालात, त्यातलं काय कागदावर उतरतंय हे तुम्हाला कळत नाही. १९८९ मध्ये शेवटचा श्वासही तो याच हॉटेलात घेईल.

आता खाली लॉबीत उतरा, १९६९ मध्ये. पुढे गायिका होणारी पॅटी स्मिथ आणि पुढे छायाचित्रकार होणारा रॉबर्ट मॅपलथॉर्प नुकतेच दहाव्या मजल्यावरच्या एका चिमुकल्या खोलीत राहायला आले आहेत. त्यांच्याशी बोलणारा, जाड चष्म्याचा, किरकोळ अंगाचा माणूस म्हणजे हॅरी स्मिथ. खिसा रिकामा, त्याच्या खोलीत दोऱ्यांच्या आकृत्या, रंगवलेली अंडी, पुस्तकं. दुसऱ्या महायुद्धात लाखेसाठी जुन्या तबकड्या वितळवल्या जात होत्या, तेव्हा हा त्या जमवत होता. त्यांतली १९२० आणि १९३० च्या दशकांतली ८४ ध्वनिमुद्रणं निवडून १९५२ मध्ये त्याने अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह काढला : तीन खंड, सहा एलपी. गायक गोरा की काळा, हे त्याने कुठेही लिहिलं नाही. वर्णभेदाच्या त्या देशात ऐकणाऱ्यांना फक्त आवाज मिळाला. पुढच्या पिढीने तो संग्रह घोकून पाठ केला. चेल्सीत राहून गेलेल्या बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये ब्लाइंड लेमन जेफरसनचं जे गाणं आहे, तेही हॅरीच्या संग्रहात आहे.

मला या इमारतीत सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस. त्याने स्वतः गायलं नाही, पण गाणाऱ्यांना आधी ऐकायला शिकवलं.

१९९१ चा फेब्रुवारी. रेडिओ सिटी सभागृहाच्या मंचावर हॅरीला ग्रॅमीचा विशेष सन्मान मिळतोय. संगीताने अमेरिका बदललेली पाहायला आपण जिवंत आहोत, याचा आनंद तो बोलून दाखवतो. नोव्हेंबरात चेल्सीतच त्याचं निधन होईल. १९९७ मध्ये स्मिथसोनियनने तो संग्रह सीडींवर आणला. मिळवून ऐका, आणि गाण्यांचा क्रम बदलू नका. हॅरीची रचना त्या क्रमातच आहे.