गळा उसना मिळतो, हेल मिळत नाही

थोर माणसाचे सोंग वठवणे कठीण. आणि तो माणूस स्वतःच कलावंत असेल, तर नटाची खरी कसोटी लागते. रंगभूषाकार तोंडवळा जमवून देतो, शिंपी पोशाख बेतून देतो. गाण्यापुरता गळाही उसना आणता येतो. २०११ साली ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी भूमिका केली आणि पदे आनंद भाटे यांनी गायिली, हे सर्वश्रुतच आहे. पण बोलण्याचा हेल? तो ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

२८ एप्रिल २०२३ रोजी पडद्यावर आलेल्या ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटात अंकुश चौधरी यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांना उभे करायचे होते शाहीर साबळे. चित्रपटाचे दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहिरांचे नातू. म्हणजे चूक काढणारा घरातलाच!

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाईजवळच्या पसरणी गावचा. सातवीपर्यंतचे पुढले शिक्षण खानदेशात, अमळनेरला झाले. तेथेच साने गुरुजींचा सहवास लाभला. पुढे मुंबई. म्हणजे कानावर आधी सातारी बोली, मग खानदेशी आणि अखेरीस मुंबईची सरमिसळ. अशा माणसाचा हेल एका गावाच्या नावावर मांडता येत नाही.

शिवाय शाहीर स्वतःच बोलींचे कसबी. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात कोळ्यांपासून वाघ्या-मुरळीपर्यंत साऱ्या महाराष्ट्राची गाणी-नृत्ये त्यांनी रंगमंचावर आणली. कोळीगीत गाताना ते कोळी होत, भारूड म्हणताना भारुडी. तेव्हा त्यांची भूमिका करणाऱ्या नटाने सोंग घ्यायचे ते सोंग घेणाऱ्याचे! आणि सोंग उतरल्यावर उरणारा साधा, घरगुती आवाजही दाखवायचा.

या आवाजाचे मोल कळायचे तर गिरणगावाकडे वळावे लागते. परळ-लालबागच्या चाळींत साताऱ्याचा गडी आणि कोकणातला चाकरमानी भिंतीला भिंत लावून राहत. शाहिरांच्या मुक्तनाट्याचे नाव पाहा: ‘आंधळं दळतंय’. मुंबईतल्या मराठी माणसाची परवड त्यात मांडली होती. हेच नाव शुद्ध करून ‘आंधळे दळत आहे’ असे लिहिले, तर म्हणीतली धारच निघून जाईल. ज्याच्या घरी ही म्हण रोज बोलली जाई, त्या प्रेक्षकाला नाव ऐकताच पुढले कुत्रे आणि पीठ दिसे. शाहिरांची बोली अशी श्रोत्यांशी बांधलेली होती.

अंकुश चौधरींची एक जमेची बाजू होती. ते लोकधारेतच तयार झालेले. शाहिरांचा आवाज त्यांनी जवळून ऐकलेला. पण त्यातच मेख होती. त्यांनी ऐकले ते साठी उलटलेले शाहीर. चित्रपटाला मात्र तरुण कृष्णाही हवा होता. म्हाताऱ्याच्या आवाजावरून तरुणाचा आवाज शोधायचा, हे नकलेचे काम नव्हे. नकलाकाराला लकब पुरते. नटाला तो माणूस कुणाशी बोलतो आहे हे जाणावे लागते. आईशी बोलतानाचा हेल निराळा, सभेपुढचा निराळा.

शाहीर २० मार्च २०१५ रोजी गेले. त्यांनी गायिलेले, राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ साली राज्यगीत झाले. त्यांचा गाता आवाज ध्वनिमुद्रिकांत सुखरूप आहे. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, चाळींच्या जागी मनोरे उठले, आणि नटाचा हेल चुकला तर चटकन ओळखणारे कान पांगले. उद्याच्या नटाची खरी अडचण ही आहे. चूक दाखवणारा श्रोताच नसेल, तर कुठलाही ग्रामीण हेल चालून जाईल, आणि साताऱ्याचा माणूस व खानदेशचा माणूस पडद्यावर एकच होऊन बसेल.

म्हणून फराळाला सारे घर जमले असताना आजी-आजोबांना त्यांच्या गावच्या बोलीत दोन गोष्टी सांगायला लावाव्यात. मुलांनी हसावे, पण ऐकावे. आणि त्यांची बोली सुधारण्याच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये.