सुईत दोरा कोणी ओवला?

भरतकामाच्या दुकानात आज संगणकावर चालणारे यंत्र शाळेचे बोधचिन्ह पाहता पाहता गणवेशावर भरून देते. या यंत्राचे मूळ शोधताना आपण फ्रान्समधील म्युलूझ गावी पोहोचतो. तेथे १८२८ च्या सुमारास जोस्युए हाइलमान याने भरतकामाचे यंत्र तयार केले. त्याच्या सुईला दोन्हीकडे टोके आणि मध्यभागी नेढे असे. त्यामुळे ती न उलटता कापडाच्या आरपार ये-जा करी. कारागीर मोठ्या आराखड्यावर पँटोग्राफचे टोक टाक्याटाक्याने फिरवी. त्याबरोबर कापडाची चौकट थोडी थोडी सरके आणि ओळीतल्या सगळ्या सुया तीच नक्षी लहान आकारात भरत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांच्या घरांत ही यंत्रे आली. बाप यंत्र चालवी, आई आणि मुले शेकडो सुयांत दोरा ओवीत. १८७७ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास ठेवण्याची बंदी केली. पण घर म्हणजे काही कारखाना नव्हे! मुलांचे ओवणे चालूच राहिले.

पँटोग्राफमागची समरूपता शिकवताना आपण हा प्रश्नही वर्गात विचारू या: यंत्राने कष्ट वाचवले, ते कोणाचे?