जोडीदार व्हिसा आणि कौटुंबिक हिंसाचार : ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियात जोडीदार व्हिसा सहसा दोन टप्प्यांत मिळतो. आधी तात्पुरता (देशात राहून अर्ज केल्यास उपवर्ग 820, परदेशातून केल्यास 309) आणि नंतर कायम (अनुक्रमे 801 व 100). मधल्या काळात नाते टिकले पाहिजे, ही मुख्य अट. छळ करणारा स्पॉन्सर (म्हणजे अर्जदाराला प्रायोजित करणारा जोडीदार) नेमका या अटीचाच धाक घालतो : ‘तक्रार केलीस तर भारतात परत पाठवीन.’ तो अधिकार त्याला नाही. व्हिसाचा निर्णय गृहव्यवहार खाते घेते.

1994 च्या स्थलांतर नियमावलीत यासाठी खास तरतुदी आहेत. नाते खरे होते, ते टिकून असतानाच स्पॉन्सरने हिंसा केली आणि नंतर ते तुटले, हे दाखवता आले तर अर्जदाराला कायम व्हिसा मिळू शकतो. पीडित पुरुष असला तरी नियम तोच. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. धमक्या, मानसिक छळ, पैशांची कोंडी, ज्यामुळे स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या सुरक्षिततेविषयी रास्त भीती वाटावी असे वर्तन त्यात येते. हुंड्यासाठीच्या जबरदस्तीचा व्हिक्टोरिया राज्याने आपल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्पष्ट उल्लेख केला आहे.

पुरावा दोन प्रकारांचा असतो. न्यायालयाचा संरक्षण आदेश किंवा दोषसिद्धी हा एक. न्यायालयात न गेलेल्या व्यक्तीने स्वतःचे वैधानिक प्रतिज्ञापत्र द्यावे आणि सोबत डॉक्टर, पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक, महिला आश्रयगृह अशांपैकी किमान दोन वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे जोडावेत. खात्याची खात्री पटली नाही तर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञाकडे जाते व त्याचे मत खात्यावर बंधनकारक असते. खरी अडचण येते ती नाते सिद्ध करताना, कारण बँकखाते आणि घराचा भाडेकरार बहुधा छळ करणाऱ्याच्याच नावावर असतो. म्हणून फोटो, संदेश, पत्रे यांच्या प्रती घराबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात.

स्पॉन्सरवरही बंधने आहेत. 2016 पासून त्याला पोलीस दाखले द्यावे लागतात, आणि हिंसेसारखे गंभीर गुन्हे त्यात आढळल्यास ते अर्जदाराला कळवण्यास त्याची संमती लागते.

या संरक्षणाला मोठी मर्यादा आहे : विद्यार्थी व्हिसावर पतीसोबत आलेल्या पत्नीला त्यातून कायम वास्तव्य मिळत नाही. ही उणीव अन्यायकारकच आहे.

विभक्त झाल्याचे खात्याला कळवावे लागते; त्याआधी मोफत कायदेशीर सल्ला जरूर घ्यावा. मदतीसाठी 1800 737 732, दुभाष्यासाठी 131 450 आणि जिवाला धोका असल्यास 000 हे क्रमांक आहेत.