बँकर, नागफणी आणि हिरवा कंदील

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की मागून इंजिने येऊन भिडतात. डब्यांना हलका धक्का बसतो आणि फलाटावरचे कोणीतरी म्हणते, "बँकर लागला." शाळेत असताना या शब्दाचा अर्थ मी कोशात पाहिला, तर तिथे होते : पेढीवाला, सराफ. गाडी ढकलणाऱ्या इंजिनाचा पेढीशी काय संबंध, हे गुरुजींना विचारायचे धाडस झाले नाही. आपल्याला इंग्रजी येणार नाही, एवढाच निष्कर्ष काढून मी गप्प बसलो. पुढे खालापूर तालुक्यात इंग्रजी शिकवताना असे गप्प बसणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटले. काहींनी तर त्यापायी शाळाच सोडली. म्हणून या प्रश्नाचा छडा लावावासा वाटला.

उत्तर साधे आहे. इंग्रज रेल्वेवाल्यांच्या बोलीत 'बँक' म्हणजे चढण. चढणीवर मागून जोर देणारे इंजिन ते बँकर. कोश चुकला नव्हता. तो शब्द पुस्तकातला नसून धंद्यातला होता, एवढेच.

आपल्या भागात इंग्रजी आधी याच वाटेने आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५६ च्या मे महिन्यात लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी गेली तेव्हा ही तुटलेली साखळी जोडली गेली. या घाटातली सर्वांत तीव्र चढण सदतीस फुटांना एक फूट अशी आहे. हे अवघड काम करताना सिग्नल, गँग, लाइन, सायडिंग हे शब्द शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या माणसांच्याही तोंडी बसले.

शब्दांमागोमाग वाक्प्रचारही आले. सरकारने एखाद्या योजनेला 'हिरवा कंदील दाखवला' असे आपण सर्रास लिहितो. ही खूण रेल्वेची. इंग्रजीत नुसता दिवा किंवा सिग्नल असतो. मराठीने मात्र गार्डाच्या हातातला कंदील उचलला, कारण लोकांनी तो पाहिला होता. 'गाडी रुळावर येणे' हाही त्याच घरचा. 'लालफीत' घ्या. पेशवाईतले कागद रुमालात बांधले जात. इंग्रजी कचेरीत कागदांच्या गठ्ठ्यांना तांबडी फीत आली. तिने अडवलेली कामे लोकांनी भोगली, म्हणून तो शब्द मराठी झाला.

उलट, जोराच्या पावसाला इंग्रज 'मांजरे-कुत्री पडतात' म्हणतो, ते इथे कधीच रुजले नाही. आषाढात कर्जतला कोसळणाऱ्या पावसासाठी आपल्याकडे 'मुसळधार' होताच. 'पिशवीतून मांजर बाहेर सोडणे' यालाही 'बिंग फुटणे' पुरेसे होते.

ही अडचण एकतर्फी नव्हती. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि मराठी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्यात शब्दांबरोबर म्हणी आणि वाक्प्रचारही उलगडून सांगितले आहेत. कारण शब्द कळूनही वाक्य कळत नाही, हा अनुभव साहेबालाही येत होता. त्यांतले थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश दिला. शालेय पुस्तकांच्या भाषांतरावरही त्यांची देखरेख असे. इंग्रजी वळणाची मराठी लिहिण्याची सवय त्यातून लागली, असा आक्षेप पुढे मराठी अभ्यासकांनी घेतला. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. शब्दाला शब्द ठेवला की वाक्प्रचार मरतो.

खोपोलीहून घाटाकडे पाहिले की एक उघडा सुळका दिसतो. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, म्हणून तो 'ड्यूक्स नोज'. आपल्याला फणा काढलेला नाग दिसला, म्हणून ती 'नागफणी'. या नावांपैकी एक दुसऱ्याचे भाषांतर नाही. वाक्प्रचाराचेही असेच असते. समोरचा कुठे उभा राहून काय पाहत होता, हे आधी विचारावे लागते.

वर्गात एकदा 'मुसळधार' शब्द आला. खोपोलीच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीने विचारले, "सर, मुसळ म्हणजे काय हो?" पीठ-मसाला गिरणीतून आणणाऱ्या घरात तिने ते पाहिलेच नव्हते. एरवी इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारा ठाकरवाडीतला एक मुलगा उठला. दोन्ही हातांनी कांडण्याची क्रिया करून त्याने तिला मुसळ दाखवले. सगळा वर्ग हसला आणि तोही हसला. मग त्याने मला विचारले, "सर, बँकरला बँकर का म्हणतात?"

मायबोलीतही आपण अशा अडतोच, पण तिथे कोणी आपल्याला मठ्ठ ठरवत नाही. इंग्रजीतल्या अडण्याला तेवढीच सूट दिली, तर कितीतरी मुले प्रश्न विचारायला उठतील. त्या मुलाला मी लगेच उत्तर दिले. माझा स्वतःचा प्रश्न मात्र कित्येक वर्षे उगाच पडून राहिला होता.